मुंगीच्या तेलाची परीक्षा

रविवारी सकाळी साडेआठलाच आक्काने तबकात पाच कप मांडून ठेवले. परीक्षा दुपारी चार वाजता होती. पण गिऱ्हाईक यायच्या आधी तेलाचे नमुने ओतून तयार ठेवायचे, ही तेलघाणीची रीत तिच्या वडिलांपासून चालत आलेली. आणि परीक्षक काय नि गिऱ्हाईक काय, दोघंही खोट काढायलाच येतात, असं तिचं मत होतं.

कप नेहमीचेच होते. पांढरे, पातळ, जरा दाबले की कुरकुरणारे. खाली घाणीवर चव बघायला येणाऱ्यांच्या हातात ती वर्षानुवर्षं हेच कप देत आली होती. सूर्यफूल, तीळ, जवस, कुठल्याही तेलाने त्यांना कधी त्रास दिला नव्हता.

तेल मात्र परकं होतं. दवाखान्यातून येणारी पांढऱ्या झाकणाची बाटली, तिच्यावर मुंगीचं नाव आणि तारीख. आक्काने चष्मा लावला, सुईविना सिरिंज घेतली आणि पाच कपांत पाच मापं ओतली: न्याहारीचं दहा मिली, मधलं पाच, जेवणाचं दहा, दुपारचं पाच, रात्रीचं दहा. एक थेंब इकडेतिकडे नाही. मग सवयीने एक थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चोळला, हुंगला, जिभेला लावला. काहीच नाही. ना वास, ना चव, ना चिकटपणा.

"भुताचं तेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात आक्काने तेलाशिवाय दुसरा संसार केला नव्हता. खाली घाणी, वर दोन खोल्या, मध्ये बावीस पायऱ्यांचा अरुंद जिना. बाराव्या पायरीवर जिना वळायचा. आणि त्याच घरात, त्याच तेलवाल्यांच्या चौथ्या पिढीत, तेल न पचणारी पोर जन्माला आली. खरं तर पचायचं, पण जळायचं नाही. हा फरक आक्काला समजायला तीन महिने लागले होते.

गेल्या वर्षी तापात मुंगीच्या पोटात अख्खा दिवस काही टिकलं नाही. संध्याकाळी तिला उभं राहता येईना, आणि मग दवाखान्यातले ते नऊ दिवस. तेव्हापासून तिच्या आईने भिंतीवर तक्ता लावला होता. दर तीन-चार तासांनी खाणं, खाण्यात नेहमीचं तेल-लोणी जवळजवळ नाही, त्याऐवजी या बाटलीतलं तेल मोजून. भूक लागो न लागो, पोर थोडंथोडं खात दिवसभर फिरत असायची, म्हणून मुंगी.

आता मुंगीच्या आईला, म्हणजे आक्काच्या भाचेसुनेला, बारा दिवस परगावी जायचं होतं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि गणित शिकवणाऱ्यांना गणित कसं शिकवावं हे आता तिने शिकायचं होतं. मुंगीचा बाप, आक्काचा भाचा, लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं कधी अडकतील आणि कधी फोन येईल याचा नेम नाही, तर खाण्याच्या वेळा कोण सांभाळणार? मग बारा दिवस मुंगीला कोणी ठेवायचं? आक्काने सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. नऊ वर्षांत मुंगी या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. दुपारी यायची, खाली बियांच्या ढिगात हात घालायची आणि चार वाजले की आई घेऊन जायची.

"ठेवते ना," सून म्हणाली होती. "पण परीक्षा देऊन."

"पस्तीस मार्क पडले की पास ना?" भाच्याने विचारलं होतं.

"शंभराला पास. नव्व्याण्णवला नापास."

*

चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात धडधड पावलं वाजली. ही भाची, मुंगीची आत्या. शहरातली बस चालवायची आणि घरातही बस चालवल्यासारखीच वावरायची, मोठ्याने आणि सगळ्यांना मागे सरकवत.

"आक्का, अभ्यास झाला का गं? की नापास होऊन माझ्याकडे पाठवणार पोरीला? मी खोली आवरून ठेवलीये हां."

"तुझी खोली आवरलेली बघायला मीच येते आधी. चमत्कार रोज होत नाहीत."

मागोमाग मुंगी आली, पाठीवर दप्तर, हातात डबा. तिच्यामागे सून, काखेत फाइल. मग भाचा, कमरेला हत्यारांचा पट्टा, कारण रविवारीही लिफ्ट बंद पडतातच. आणि सगळ्यांच्या शेवटी, बऱ्याच वेळाने, आक्काचा धाकटा भाऊ, भाचा-भाचीचा बाप.

तो बाराव्या पायरीवर थांबला. नेहमीच थांबायचा. तिथे भिंतीवर एक कॅलेंडर होतं, सहा वर्षांपूर्वीचं, आणि तो ते दर खेपेला नव्याने वाचत उभा राहायचा.

"गोगलगाय निघाली, वाट द्या!" आक्का वरून ओरडली. हीसुद्धा रीतच होती. भाऊ सतरा वर्षांचा असताना तिने ठेवलेलं नाव, त्याचं घरात झालं गोगल. आता तो अडुसष्टचा होता आणि गोगलच होता.

"मार्चमध्ये पाच रविवार होते गं," खालून आवाज आला.

"सहा वर्षांपूर्वी होते! ये आता. का बिस्किट खातोयस?"

तो बिस्किटच खात होता. पुस्तकबांधणीच्या दुकानात आयुष्यभर बसून काम करणारा हा माणूस खिशात बिस्किटं घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. त्याच्या शर्टाला नेहमी खळीचा वास आणि खिशाच्या शिवणीत चुरा. "गोगलगाय आणि पोटात पाय," आक्का म्हणायची. "चालायला नको, ओझं उचलायला नको, खायला मात्र सगळ्यात पुढे."

गोगल वर आला, मुंगीच्या डोक्यावर टप्पल मारून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. आज तो जरा गप्प होता. त्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने फाइलकडे. आक्काच्या नजरेला ते आलं, पण परीक्षेच्या धाकात तिने ते सोडून दिलं.

"आधी प्रात्यक्षिक," सून म्हणाली. "आक्का, दुपारच्या खाण्याचं तेल मोजून दाखवा."

"दाखवा काय? मोजून तयार आहे." आक्का दिमाखात फळीकडे गेली. "नुसतं दुपारचं नाही, अख्ख्या दिवसाचं. तुझ्या त्या तक्त्यापेक्षा पुढे आहे मी. बघ, दहा, पाच, दहा…"

तिने पहिला कप उचलला आणि तो उचलला गेला नाही. म्हणजे वरचा काठ हातात आला, बूड तबकाला चिकटून राहिलं. दुसरा कप एका बाजूला झुकून बसला होता, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा. तिसऱ्याच्या तळाशी बारीक भेग, आणि तबकभर ते बिनवासाचं तेल पसरलेलं.

मुंगीने तबकाजवळ नाक नेलं. "मोठी आजी, तुझे कप रडतायत."

आत्या खो खो हसत सुटली. भाच्याने आक्काची बाजू घ्यायची म्हणून कप उलटापालटा करून पाहिला. "माल खराब असेल कपांचा."

"कप खराब नाहीत," सून हळूच म्हणाली. "हे तेल या पातळ प्लास्टिकला मऊ करतं. पाच-दहा मिनिटांत नाही, पण तास गेले की करतं. तक्त्यावर खाली लिहिलंय, काच किंवा स्टील."

"बारीक अक्षरात लिहिलंस," आक्का म्हणाली. "माझं तेल याच कपांत आठवडा राहिलं तरी हूं की चूं करत नाही."

"तुमचं तेल लांब साखळीचं ना."

"मी सांगते, मी!" मुंगी खुर्चीवर चढली. "मोठी आजी, बघ. तेल म्हणजे लाकडं. तुझं तेल म्हणजे हे एवढाले ओंडके. सगळ्यांच्या शरीरात ओंडके कापायची करवत असते. कापायचे, भट्टीत टाकायचे, की जाळ. माझी करवत जन्मापासून मोडकी. ओंडके पडून राहतात आणि भट्टी विझते. आणि हे बाटलीतलं तेल म्हणजे काटक्या. काटक्यांना मोठी करवत लागतच नाही. सरळ भट्टीत."

"आणि तू उपाशी राहिलीस तर?" सुनेतली मास्तरीण जागी झाली.

"तर शरीर आतले साठवलेले ओंडके काढतं. आणि करवत तर मोडकी. म्हणून उपाशी राहायचं नाही म्हणजे नाही."

"शाबास. आक्का, आज हे कप मुंगीला दिले असते तर तिच्या पोटात किती गेलं असतं?"

आक्काने तबकाकडे पाहिलं. सांडलेल्या तेलाचा अंदाज तिच्याइतका कोणाला येणार होता? "निम्मं," ती म्हणाली. "निम्म्याहून कमी." आणि एवढी वर्षं दुसऱ्यांच्या तेलात खोट काढणारी आक्का खाली बसली.

"झालं!" आत्या म्हणाली. "मुंगे, दप्तर घे, माझ्याकडे चल."

"थांब गं," भाचा म्हणाला. "तू मागच्या महिन्यात तिला बसच्या टपावरून शहर दाखवते म्हणून दोन वाजताचं खाणं विसरली होतीस."

"वीस मिनिटं उशीर झाला! विसरले नव्हते."

"मुंगीसाठी वीस मिनिटं म्हणजे…"

"भांडू नका," गोगल खिडकीजवळून म्हणाला. "आक्काला पुढचा पेपर देऊ द्या. ती एकदा केलेली चूक पुन्हा करत नाही. नवीन करते."

आक्काने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण आतून तिला बरं वाटलं.

तोंडी परीक्षेत ती सुसाट सुटली. महिनाभर तिने तक्ता पाठ केला होता. मुंगी खायला नाही म्हणाली तर? अर्धा तास थांबायचं, मग गोड रस, तोही नको म्हणाली तर फोन. उलटी झाली तर? ताप आला तर? हे तेल तळायला का वापरायचं नाही? "लवकर धुरतं. शिजलेल्या अन्नात वरून कालवायचं, बटाट्यात नाहीतर सूपमध्ये." दिवसाचं साधं तेल किती? इथे आक्काच्या आवाजात जरा धार आली. "अर्धा चमचा. जवसाचं. आपल्या घाणीचं. शरीराला स्वतः बनवता न येणारं काहीतरी त्यात असतं म्हणून तेवढंच. तेल काढता काढता आयुष्य गेलं आणि घरच्या पोरीच्या ताटात माझं काय, तर अर्धा चमचा."

"काठोकाठ की शीग लावून?"

"काठोकाठ. सुरीने सपाट करून."

सुनेने पाचही उत्तरांवर लाल बरोबरच्या खुणा केल्या. भाच्याने आत्याकडे विजयी नजर टाकली. आत्या म्हणाली, "तेल सुरीने कसं सपाट करतात ते तरी विचार."

"सहावा आणि शेवटचा," सून म्हणाली. हा प्रश्न विचारताना तिने पेन खाली ठेवलं. "शाळेतून आल्यावर मुंगी हा जिना चढतेय. बाराव्या पायरीवर थांबली. म्हणते, पाय जड झालेत. तुम्ही काय कराल?"

हे तक्त्यावर नव्हतं. पण आक्काला त्यात काही अवघड वाटलं नाही. आयुष्यभराचा अनुभव होता.

"म्हणायचं, चल गं ऊठ, आळस नको करूस. दहाच पायऱ्या राहिल्यात. एकदा बसलीस की बसलीस."

कोणी हसलं नाही. आत्याही नाही.

"चूक?" आक्काने विचारलं.

खिडकीतून, बाहेरच बघत, गोगल बोलू लागला. "आधी बसू द्यायचं. वर ये म्हणायचं नाही, खाली जा पण नाही. गोड काहीतरी द्यायचं. मग विचारायचं, जड कुठे वाटतंय, पोटरीत की मांडीत? मांडीत असेल तर त्या दिवशी पुन्हा जिना नाही. पाय गरम ठेवायचे. आणि नंतर लघवीचा रंग बघायचा. पोर सांगायला लाजते, आपण लाजायचं नाही. गडद असेल तर सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही. लगेच दवाखाना."

"तुला कोणी विचारलं?" आक्का उसळली. "आणि पोटरी, मांडी, हे कुठल्या तक्त्यात लिहिलंय? मला बारीक अक्षरसुद्धा पाठ आहे आता."

"तक्त्यात नाहीच आहे ते," मुंगी म्हणाली. "आजोबांना असंच माहितीये. आम्ही एका टोळीतले आहोत."

"मुंगे," गोगल म्हणाला.

मुंगीने तोंडावर हात ठेवला. "अजून सांगायचं नव्हतं का?"

*

सुनेला फाइल उघडावीच लागली. तीन महिन्यांपूर्वी सगळ्या घराचं रक्त तपासायला गेलं होतं. आक्काचा अहवाल स्वच्छ आला होता. भाचा, भाची आणि सून या तिघांमध्ये दोष अर्धा होता. म्हणजे करवतीची कृती प्रत्येकाकडे दोन पानांवर असते, त्यातलं यांचं एक पान फाटकं, एक धड, त्यामुळे त्यांचं स्वतःचं काही अडत नव्हतं. मुंगीची दोन्ही पानं फाटकी. एक आईकडून, एक बापाकडून. आक्काने तेव्हाच निकाल देऊन टाकला होता की बापाकडचं फाटकं पान हे गोगलच्या बायकोच्या माहेरचं, आपल्या घराण्यात असलं काही नाही. बिचारी भावजय सात वर्षांपूर्वी गेलेली, उत्तर द्यायला नव्हती.

गोगलचा अहवाल मात्र येत नव्हता. प्रयोगशाळेने त्याचं रक्त दुसऱ्यांदा मागवलं होतं.

"गुरुवारी फोन आला," सून म्हणाली. "आक्का, बाबा आमच्यासारखे नुसते वाहक नाहीत. त्यांना स्वतःला आहे. मुंगीसारखंच. फक्त त्यांच्या एका पानावर थोडी अक्षरं शाबूत आहेत, म्हणून सौम्य. करवत आहे, पण बोथट. भरपूर खाऊन, बसून राहिलं तर दिवस निभावतो. उपाशीपोटी ओझं वाहिलं, थंडी बाजली की…"

"कधीपासून?" आक्काने विचारलं. प्रश्न वेडगळ होता हे तिलाही कळलं.

"जन्मापासून."

आत्याने बापाकडे पाहिलं. "बाबा, म्हणून तुम्ही मला सायकल शिकवताना पळायचा नाहीत? मी म्हणायचे सगळ्यांचे बाबा पळतात." तिचा बस चालवणारा आवाज एकदम लहान झाला होता. मग ती आक्काजवळ येऊन बसली. खोली आवरल्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आक्का उठली. "कप पुसायला फडकं आणते," म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली. फडकी वरच्याच खोलीत होती, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

*

घाणी रविवारी बंद असायची. पेंडीचा गोडसर, भाजका वास भिंतींत मुरलेला. आक्का पोत्यावर बसली आणि समोरच्या जिन्याकडे बघत राहिली.

वरच्या दोन खोल्या तेव्हा कोठार होत्या. हंगामातला शेवटचा माल आला होता, साठ पोती, गाडी संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची होती. सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. ती वीस वर्षांची, भाऊ सतराचा. तेवीस पोती त्याने वर नेली. चोविसावं घेऊन तो बाराव्या पायरीवर बसला आणि उठेना. मागून ती येत होती, पाठीवर पोतं. "गोगलगाय!" ती ओरडली होती, "वाट दे!" हमाल हसले. ती हसली. त्याच्या खांद्यावरचं पोतंही तिनेच नेलं.

संध्याकाळी त्याने तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं, "आक्का, लघवी काळी झालीये. पेंड धुतलेल्या पाण्यासारखी." आईला नाही, वडिलांना नाही, तिला सांगितलं होतं. आणि ती म्हणाली होती, "पाणी पी जरा. नाटकं पुरे आता."

वडिलांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, याच्याच्याने घाणी होणार नाही. वडिलांनी घाणी तिला दिली, भावाला बांधणीच्या दुकानात बसवलं. खोटं कशाला बोला, तिला घाणी हवीच होती.

जिन्यात पावलं वाजली. एक, थांबून दुसरं. उतरायलाही तो तेवढाच वेळ घ्यायचा. आक्काने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटून घेतलं.

गोगल तिच्या शेजारच्या पोत्यावर टेकला. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून मध्ये ठेवला.

"गुरुवारी कळलं आणि मला सांगितलं नाहीस," आक्का म्हणाली.

"आज तुझी परीक्षा होती. म्हटलं, होऊ दे आधी. तू असं तोंड करून बसशील हे माहीत होतं."

"कसं तोंड?"

"हे असं."

गोगलने पुड्याचा कागद सारखा केला. मग गोगल म्हणाला, "एक सांगू? राग आला होता. फोन ठेवल्यावर. एक्कावन्न वर्षांचा एकदम आला."

"कोणाचा?"

"तुझा. आणखी कोणाचा येणार? काळी लघवी मी काय हमालांना सांगितली होती?"

आक्काने मान खाली घातली. तिच्या हातावर सकाळचा तो बिनवासाचा थेंब अजून चमकतोय असं तिला उगीच वाटलं.

"मला वाटायचं," गोगल सावकाश म्हणाला, "की तू म्हणतेस ते खरं असणार. मी आळशीच असणार. बाकीचे उठतात, मी उठत नाही, म्हणजे माझ्यात उठायची इच्छाच कमी. एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. आणि गुरुवारी ती फोनवरची बाई म्हणाली, 'तुम्ही आजपर्यंत कसं सांभाळलंत स्वतःला?' मी म्हटलं, बिस्किटं खाऊन. ती म्हणाली, अगदी बरोबर केलंत." तो हसला. "खादाडपणाला पहिल्यांदा शाबासकी मिळाली."

"राग गेला का?"

"मधूनमधून येतो. आला की एक बिस्किट खातो."

आक्काने पुड्यातून एक बिस्किट काढून त्याच्या हातावर ठेवलं. "आत्ता?"

"आत्ता थोडा आहे."

"मग खा."

त्याने खाल्लं. तिने चुरा त्याच्या शर्टावरून झटकला. "भावजयीला पण उगीच बोल लावला मी. तिच्या माहेराला."

"हो. ती असती तर आज तुला दिवसभर ऐकवलं असतं."

"असायला हवी होती," आक्का म्हणाली, आणि यात काही थट्टा नव्हती. "मी आता तुला गोगल म्हणायची नाही."

"तेवढं करू नको. या वयात दुसऱ्या नावाला मला ओ देता येणार नाही."

वरून मुंगीचा आवाज आला. "मोठी आजी! माझी पाचची वेळ झाली! परीक्षा संपली का राहिलीये?"

आक्का झटकन उठली. कोपऱ्यातल्या कपाटात काचेचे जुने नमुन्याचे पेले होते, वडिलांच्या वेळचे, जाड बुडाचे. प्लास्टिकचे कप आल्यावर तिनेच ते आत टाकले होते. तिने दोन पेले काढले, नळाखाली घासून घासून धुतले, पुसून उजेडात धरून पाहिले.

"दोन कशाला?" गोगलने विचारलं.

"तुझं तेल कधीपासून सुरू?"

"डॉक्टर बुधवारी ठरवणार. मला लागेलच असं नाही."

"लागेल तेव्हा पेला शोधत बसायचा का? आणि बुधवारी मी येणार तुझ्याबरोबर. बारीक अक्षरं मी वाचेन."

*

आक्का पुढे झाली. एका हातात दोन पेले, दुसऱ्या हातात घाणीवरचा लाकडी स्टूल. बाराव्या पायरीच्या वळणावर, त्या जुन्या कॅलेंडरखाली, तिने स्टूल भिंतीला लावून ठेवला. हलवून पाहिला. एक पाय जरा डुगडुगत होता, त्याखाली तिने पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून सरकवला. मग तशीच वर गेली.

सून दारात उभी होती. आक्काने पेले तिच्यासमोर धरले.

"काच," आक्का म्हणाली. "आणि सहावा प्रश्न पुन्हा विचार."

"आक्का, राहू द्या."

"विचार म्हणते ना. नव्व्याण्णवला नापास, तूच म्हणालीस."

सुनेने विचारलं. आक्काने उत्तर दिलं, पोटरीपासून रंगापर्यंत, एक शब्द न गाळता. मग स्वतःचं एक वाक्य जोडलं. "आणि पोर म्हणते ते खरं धरायचं. आधी खरं धरायचं, मग तपासायचं."

 सुनेने लाल पेनने कागदावर आकडा आणि खाली एक ओळ लिहिली आणि कागद आक्काच्या हातात दिला. भाच्याने डोकावून बघितलं. "शंभर! पण एका अटीवर लिहिलंय."

"कुठली अट?" आक्काने चष्मा शोधायला सुरुवात केली. या खेपेला अक्षर मोठं होतं.

"बारा दिवस बाबापण इथेच राहणार," आत्या वाचत म्हणाली. "आणि रोज संध्याकाळी मी गाडी जमा केली की तपासणीला येणार. हे मी आत्ता जोडलं."

मुंगीने टाळ्या वाजवल्या. "टोळी मुक्कामाला!"

आक्काने पेल्यात पाच मिली मोजलं, कुस्करलेल्या बटाट्यात कालवलं, आणि चमचा मुंगीच्या हातात दिला. मुंगीने पहिला घास घेतला आणि ताट घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेली.

"आजोबा अजून आले नाहीत."

आक्काही तिच्यामागे जाऊन उभी राहिली. वळणावर गोगल उभा होता. तो स्टुलाकडे बघत होता, जणू कॅलेंडरवर नवं पान आलंय. त्याने वर पाहिलं.

"हे कोणासाठी?"

"ज्याचे पाय जड होतील त्याच्यासाठी," आक्का म्हणाली. "माझेही होतात हल्ली."

गोगल बसला. पाठ भिंतीला टेकली, पाय लांब केले. मुंगी ताट सांभाळत दहा पायऱ्या उतरून त्याच्या पायाशी जाऊन बसली आणि बटाटा खाऊ लागली.

"आक्का," तो म्हणाला, "वेळ लागेल हां मला. अजून दहा पायऱ्या आहेत."

"असू देत की," आक्का म्हणाली आणि वरच्या पायरीवर बसकण मारली. "पायऱ्या काय पळून चालल्यात?"